कोशातील एक ओळ

(इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात कोणालाही लिहिता येते आणि कोणालाही सुधारणा करता येते. पण मजकूर आजाराविषयी असेल, तर तो बरोबर आहे की नाही हे कोण पाहते? कसे पाहते? भुईगावच्या एका वाडीतील प्रसंगापासून सुरुवात करून लेखकाने या पाठात ते सांगितले आहे.)

वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला भुईगाव आहे. किनाऱ्यावर सुरूची झाडे आणि आत केळीच्या, भाजीच्या व फुलांच्या वाड्या असे हे गाव. पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून ते पालघर जिल्ह्यात आहे. माझ्याबरोबर अनेक वर्षे शिकवलेले एक शिक्षक तेथे राहतात. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो.

पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी गुरुजींकडे गेलो होतो. संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो होतो. इतक्यात शेजारच्या वाडीतून ओरडा ऐकू आला. बावखलाच्या काठी गवत कापणाऱ्या एका तरुण कामगाराच्या पायाला साप चावला होता. आम्ही धावलो. पाच-सात माणसे आधीच जमली होती. एकाने आपला पंचा काढून त्याच्या पोटरीवर करकचून बांधला होता. दुसरा म्हणत होता, ‘‘ब्लेड आणा, रक्त काढून टाकू.’’ मुलगा भीतीने पांढरा पडला होता.

गुरुजींचा पुतण्या मोबाइल घेऊन पुढे आला. ‘‘थांबा, मी वाचून सांगतो,’’ तो म्हणाला. त्याने एक पान उघडले आणि मोठ्याने वाचले, ‘‘दंशाच्या वरच्या बाजूस दोरी घट्ट बांधावी.’’ पंचा बांधणाऱ्याने मान डोलावली. तेवढ्यात गुरुजींची मुलगी म्हणाली, ‘‘माझ्या मोबाइलवर तर लिहिले आहे, दोरी बांधू नये!’’ ती तेव्हा बारावीत होती.

दोन मोबाइल, दोन पाने आणि दोन उलटे सल्ले! सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

‘‘वाचन पुरे,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘आधी रिक्षा बोलवा. त्याला चालवू नका, उचलून न्या.’’

रुग्णालयात डॉक्टरांनी साप कसा होता, केव्हा चावला, हे विचारले. मग त्यांनी त्या मुलाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेतले आणि ती नळी न हलवता वीस मिनिटे ठेवली. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात गोठते. त्याचे गोठले नाही. ‘‘घोणस असावी,’’ डॉक्टर म्हणाले. घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. त्यांनी सलाईन लावले, प्रतिविष सुरू केले आणि त्यानंतरच पंचा हळूहळू सैल केला. पंचाच्या खालचा पाय निळसर झाला होता.

‘‘हे बांधायला कोणी सांगितले?’’ डॉक्टरांनी विचारले. ‘‘बांधल्याने विष थांबत नाही. रक्त मात्र थांबते. असे तासन्‌तास राहिले, तर पाय कापावा लागतो.’’

आम्ही गप्प राहिलो. पुतण्याने मोबाइल खिशात टाकला.

मुलगा वाचला. आठवड्याने तो घरी आला आणि महिनाभर लंगडत चालला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पुतण्याने वाचलेले पान मी पुन्हा उघडले. ते एका मुक्त ज्ञानकोशातले पान होते. दोरी बांधण्याची ती ओळ तशीच होती. ती कोणी लिहिली, कोणत्या आधाराने लिहिली, याचा पानावर काहीच उल्लेख नव्हता.

मुलांनो, ज्ञानकोश म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे. अनेक विषयांची माहिती क्रमाने लावून दिलेला तो मोठा ग्रंथ. मराठीत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोश तयार केला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातील वाई येथून मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. अशा कोशात नोंद कोण लिहिणार हे आधी ठरते. त्या विषयाचा जाणकार ती लिहितो, दुसरा जाणकार तपासतो, संपादक भाषा पाहतात आणि मग ती छापली जाते. हे काम सावकाश चालते. पण नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते.

मुक्त ज्ञानकोशाची रीत अगदी उलटी आहे. त्यात सर्वांत प्रसिद्ध असलेला विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनी, म्हणजे १ मे रोजी सुरू झाला. उर्दू विकिपीडिया २००४ मध्ये आला आणि आज त्यात दोन लाखांहून अधिक लेख आहेत. येथे आधी छापतात आणि मग तपासतात! पानावर ‘संपादन’ असा शब्द असतो. तो दाबला की शाळकरी मुलगाही लिहू शकतो आणि मोठा शल्यचिकित्सकही. लिहिलेले त्याच क्षणी जगाला दिसते.

हे ऐकून तुम्हांला वाटेल, मग यात खरे ते काय असणार? मलाही पूर्वी तसेच वाटे. पण या कोशात एक सोय अशी आहे, जी कोणत्याही छापील ग्रंथात नाही. प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ जपून ठेवलेला असतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी कोणता शब्द बदलला, हे कोणालाही पाहता येते. कोणी खोडसाळपणा केला, तर जुने रूप परत आणायला दोन क्षण पुरतात. पानाच्या पाठीमागे एक ‘चर्चा’ पान असते. मतभेद झाला की तेथे बोलायचे. ज्या पानांची आपल्याला काळजी वाटते, त्यांची यादी करून ठेवता येते. त्यातील एका पानावर स्वल्पविराम बदलला, तरी यादीत दिसते. इंग्रजी विकिपीडियावर तर २०१० पासून क्लूबॉट एनजी नावाचा यंत्रमानव पहारा देतो. कोणी शिवीगाळ लिहिली की तो ती लगेच पुसतो.

शिवी ओळखणे सोपे आहे. ‘दोरी घट्ट बांधावी’ ही काही शिवी नाही. ती शहाण्यासारखी दिसणारी चूक आहे, म्हणून यंत्राला कळत नाही. आरोग्याच्या लेखांत खरा धोका अशा चुकांचाच असतो.

मी काय केले ते सांगतो. मी ‘संपादन’ दाबले, ती ओळ पुसली आणि लिहिले, ‘दोरी कधीही बांधू नये. बांधली असल्यास लगेच सोडावी.’ समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, माझी ओळ गेलेली आणि जुनी ओळ परत आलेली! खाली कोणी तरी कारण लिहिले होते : ‘संदर्भ नाही.’

मला राग आला. मी तीस वर्षांचा शिक्षक. प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडलेला. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानांनी ऐकलेले. आणि हा कोण अनोळखी माणूस माझे लिहिणे पुसणार? मी चर्चापानावर जाऊन तसेच लिहिले. जरा कडक लिहिले. त्याचे उत्तर शांत होते. ‘सर, तुम्ही खरे सांगत असाल. पण मी तुम्हांला ओळखत नाही आणि वाचकही ओळखत नाही. जुन्या ओळीलाही संदर्भ नाही, हे खरे. ती मी आता काढतो. तुम्ही आधार द्या, आपण दोघे मिळून नवी ओळ लिहू.’

राग ओसरल्यावर मला त्याचे म्हणणे पटले. वर्गात मुलगा म्हणाला, ‘माझ्या चाचांनी सांगितले,’ तर आपण ते मान्य करतो का?

मग आधार शोधायला बसलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने सर्पदंशाच्या उपचारांविषयी मार्गदर्शिका काढली आहे. तिची दुसरी आवृत्ती २०१६ ची आहे. तिच्यात दंशाच्या जागी कापणे, चोखणे, घट्ट बांधणे या सर्व गोष्टी निषिद्ध सांगितल्या आहेत. रुग्णाला धीर द्यावा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढावेत. चावलेला अवयव हलू नये म्हणून त्याला फळीचा आधार द्यावा आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. मी तो आधार चर्चापानावर दिला. तेवढ्यात तेथे तिसरा माणूस आला. तो बहुधा रुग्णालयात काम करणारा असावा. त्याने माझीच चूक दाखवली. ‘बांधली असल्यास लगेच सोडावी’ हे मी लिहिले होते ना? तेही धोक्याचे होते! बांध अचानक सोडला, तर अडकून राहिलेले विष एकदम अंगभर पसरू शकते. म्हणून प्रतिविषाची तयारी झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तो सैल करावा. मला त्या संध्याकाळचे डॉक्टर आठवले. त्यांनी अगदी तेच केले होते. मी ते डोळ्यांनी पाहिले होते, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

पाचव्या दिवशी तिघांच्या संमतीने चार वाक्ये तयार झाली. प्रत्येक वाक्याला आधार होता. चार वाक्यांना पाच दिवस!

हा वेळ फुकट गेला असे मला वाटत नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतील. अशा घरात आज पुस्तक नसले, तरी मोबाइल असतो.

सापांच्याच पानांवर आणखी एक घोटाळा असतो, तो नावांचा आणि चित्रांचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. पण ‘डुरक्या घोणस’ नावाचाही साप आहे आणि तो बिनविषारी आहे. नुसते ‘घोणस’ लिहिले, तर कोणता समजायचा? मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या हा सापही बिनविषारी आहे. कवड्याच्या अंगावरचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात. कोणी हौसेने कवड्याचे छायाचित्र मण्यारीच्या पानावर लावले, तर एवढे फार बिघडणार नाही. पण मण्यारीचे छायाचित्र कवड्याच्या पानावर लावले, तर? ‘हा बिनविषारी आहे’ असे समजून कोणी तरी घरीच थांबेल. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही.

आरोग्याच्या लेखांना वेगळे नियम हवेत, हे विकिपीडियावर लिहिणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. २००४ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावर वैद्यकीय लेखांची काळजी घेणारा एक गट तयार झाला. त्यात डॉक्टर आहेत, विद्यार्थी आहेत आणि नुसते आस्था असणारेही आहेत. आधार कोणता चालेल, याविषयी त्यांचे नियम कडक आहेत. वर्तमानपत्रात ‘मधुमेहावर नवा उपाय सापडला’ अशी बातमी आली, तर ती आधार म्हणून चालत नाही. एखाद्या एकट्या प्रयोगावरही सहसा भिस्त ठेवत नाहीत. कारण आज जे एका प्रयोगात दिसले, ते उद्या दुसऱ्या प्रयोगात दिसेलच असे नाही. अनेक प्रयोग एकत्र पाहून काढलेले निष्कर्ष, मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तके आणि मोठ्या आरोग्यसंस्थांच्या मार्गदर्शिका, हे आधार चालतात. औषध किती घ्यावे, याचे प्रमाण लेखात शक्यतो देत नाहीत. ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’ अशी सूचनाही असते. आपल्या दवाखान्याचे नाव लेखात हळूच घुसवणारेही असतात. त्यांचे लिहिणे काढून टाकले जाते.

या गटाने डेंग्यू तापावरचा लेख इतका काळजीपूर्वक सुधारला, की २०१४ मध्ये ओपन मेडिसीन या वैद्यकीय नियतकालिकाने तो तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापला. या कामात जेम्स हाइलमन हे कॅनडातील डॉक्टर पुढे होते. सर्वांना लिहिता येणाऱ्या कोशातील लेख वैद्यकीय नियतकालिकात जावा, ही साधी गोष्ट नव्हे.

मात्र सगळेच लेख असे नाहीत. २००५ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकाने विकिपीडिया आणि ब्रिटानिका या दोन कोशांतील बेचाळीस लेख तज्ज्ञांना तपासायला दिले. कोणता लेख कोणत्या कोशातला, हे त्यांना सांगितले नव्हते. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने या मोजणीवर आक्षेप घेतला. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दहा मोठ्या आजारांवरचे विकिपीडियातील लेख पाहिले, तेव्हा दहांपैकी नऊ लेखांत चुका आढळल्याचे सांगितले गेले. त्या अभ्यासाच्या पद्धतीवरही बरीच टीका झाली. मला विचाराल, तर दोन्ही आकडे ध्यानात ठेवावेत. त्यामुळे आंधळा विश्वासही बसत नाही आणि आंधळा अविश्वासही.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा या सर्व व्यवस्थेची परीक्षा झाली. रोज नवी अफवा पसरत होती. केरळमधील नेथा हुसैन या कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टर. विद्यार्थिनी असतानाच, २०१० मध्ये, त्या विकिपीडियावर लिहू लागल्या होत्या. साथीच्या काळात त्यांनी रोगाविषयी आणि लसीविषयी लेख लिहिले, खोट्या समजुती खोडून काढल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेशी करार केला आणि आपली काही चित्रे, तक्ते व चित्रफिती या कोशासाठी मुक्त केल्या.

पण हे सारे बहुतेक इंग्रजीत झाले. मराठीची अडचण निराळी आहे. मराठी विकिपीडियातील लेख लाखाच्या घरात आहेत, पण त्यांवर लक्ष ठेवणारी माणसे थोडी. त्यांत डॉक्टर तर फारच थोडे. इंग्रजीत चूक शिरली, तर काही मिनिटांत कोणी तरी पाहते. मराठीत ती कित्येक महिने तशीच राहू शकते.

दुसरी अडचण भाषांतराची. आता यंत्रे भाषांतर करतात आणि ते घाईने कोशात उतरवले जाते. इंग्रजीत ‘स्टूल’ म्हणजे बसायचे स्टूल आणि स्टूल म्हणजे शौचही. यंत्राने ‘रुग्णाच्या स्टुलाची तपासणी करावी’ असे लिहिले, तर वाचणारा खुर्चीखाली पाहत बसेल! यावर हसू येते. पण ‘शॉक’ या शब्दाचे काय? वैद्यकात शॉक म्हणजे रक्तदाब एकदम उतरून अवयवांना रक्त न मिळणे. तो जिवावरचा प्रसंग असतो. त्याचे भाषांतर ‘रुग्णाला धक्का बसतो’ असे झाले, तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचारा घाबरला असेल; पाणी द्या, बरा होईल.

तुम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा जाणता. अशी गंमत तुमच्या लगेच ध्यानात येईल. उर्दूत ‘दस्त’ म्हणजे जुलाब. मराठीत ‘दस्त’ म्हणजे सरकारी कचेरीत नोंदवलेला कागद. उर्दूतला ‘यरकान’ तोच मराठीतला ‘कावीळ’. ‘खसरा’ म्हणजे ‘गोवर’. आजाराची ही नावे दोन्ही भाषांत ठाऊक असणारी माणसे कोशाला फार हवी असतात.

आणि तिसरी अडचण आपल्या समजुतींची. ‘नागीण’ हा त्वचेचा आजार तुम्ही ऐकला असेल. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू शरीरात दडून राहतो आणि पुढे कधी तरी जागा होतो. मग अंगावर पट्ट्यासारखे फोड येतात, आग होते. याचा सापाशी काही संबंध नाही. तरीही ‘नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस मरतो’ असे आपल्याकडे पुष्कळ लोक मानतात. खरे तर हे फोड बहुधा अंगाच्या एकाच बाजूला येतात. विळखा पूर्ण होतच नाही. कोशात ही समजूत कोणी लिहिली, तर ती पुसावी का? मला वाटते, नुसती पुसू नये. ‘अशी समजूत आहे, पण ती खरी नाही’ असे आधारासह लिहावे. नुसती पुसली तर उद्या दुसरा कोणी तरी तीच पुन्हा लिहील.

सगळ्यांत अवघड गोष्ट अशी, की कालचे खरे आज जुने होते. दोरी बांधण्याचा सल्ला कोणी लबाडीने लिहिला नव्हता. कधी काळी प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही तो होता. जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी द्यावे, हे सर्वांना माहीत आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी या साध्या पाण्याने हजारो रुग्णांचे प्राण वाचवले. त्याच्या पुडीतील मीठ-साखरेचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये बदलले. दोन्ही थोडे कमी केले. कोशात जुने प्रमाण राहिले असेल, तर ते कोणी तरी बदलायलाच हवे.

कोकणातलेच दुसरे उदाहरण घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केले. प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचतात, हे त्यांनी दाखवले. पुढे २०११ मध्ये त्यांनीच नवा अभ्यास प्रसिद्ध केला : नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो. स्वतःच्या जुन्या निष्कर्षात भर घालायला त्यांना कमीपणा वाटला नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ च्या आधी लिहिलेले आणि नंतर कोणीच न पाहिलेले पान आजही अर्धेच सांगत असेल.

मागच्या महिन्यात मी पुन्हा भुईगावला गेलो होतो. गुरुजींची मुलगी आता परिचारिकेचे शिक्षण घेते. दर रविवारी ती वीस-पंचवीस पानांची आपली यादी उघडते. त्या दिवशी तिने मला जुलाबाच्या पानाचा इतिहास दाखवला. एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असे तेथे लिहिले होते. कोणी तरी ‘अर्धा’च्या जागी ‘पाच’ लिहून गेले होते. चुकून की मुद्दाम, कळायला मार्ग नव्हता. एवढे मीठ लहान मुलाला जिवावरचे ठरते. तिने तो शब्द पूर्ववत केला, कारण लिहिले आणि पुढच्या पानाकडे वळली.

तेवढ्यात तो वाडीतला कामगार भाजीची टोपली घेऊन दारात आला. ‘‘ताई, माझ्या सापाचे पान वाचून दाखवा ना,’’ तो म्हणाला. तिने वाचले, ‘‘दंशाच्या वर दोरी बांधू नये.’’ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘पण ताई, मला दोरी कुठे बांधली होती? वाडीत दोरी कोण शोधत बसतो? पंचा बांधतात. बाया ओढणी बांधतात, पदर फाडून बांधतात. दोरी नको म्हटले, तर लोक पंचा बांधतील.’’

तिने माझ्याकडे पाहिले. मग ‘संपादन’ दाबले आणि त्या ओळीत लिहिले : ‘दोरी, पंचा, ओढणी किंवा कोणतेही फडके बांधू नये.’

शब्दार्थ

बावखल – वसई भागातील वाड्यांमधला लहान तलाव
पंचा – अंग पुसण्याचे किंवा खांद्यावर घेण्याचे सुती वस्त्र
पोटरी – गुडघ्याखालचा, पायाचा मागचा मांसल भाग
प्रतिविष – विषाचा परिणाम दूर करणारे औषध
दगावणे – मरण पावणे
खोडसाळपणा – मुद्दाम केलेली वाईट खोडी
भिस्त – भरवसा
पूर्ववत – पहिल्यासारखे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टरांनी रक्ताची नळी किती वेळ ठेवली?
(आ) लेखकाची ओळ कोणत्या कारणाने पुसली गेली?
(इ) पालघर जिल्हा केव्हा झाला?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘बांधली असल्यास लगेच सोडावी’ हे वाक्य धोक्याचे का होते?
(आ) छापील कोश आणि मुक्त कोश यांच्या रीतींत कोणता फरक आहे?
(इ) कामगाराने सुचवलेला बदल मुलीने का मान्य केला असेल?

३. पाठात आलेली आजारांची मराठी नावे शोधा आणि त्यांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आणखी पाच नावे मिळवा.

४. वाक्यांत उपयोग करा : जाब विचारणे, ध्यानात येणे, कमीपणा वाटणे, धीर देणे.

५. तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात आजाराविषयी ऐकलेली एखादी समजूत लिहा. ती खरी की खोटी, हे तुम्ही कोणत्या आधाराने ठरवाल? वर्गात चर्चा करा.